किती किलो उचलतो म्हणे तुमचा?

दहावी-बारावीची परीक्षा संपली की मुलं जिमची वाट धरतात आणि महिन्याभरात घरात जेवताना नवीच भाषा ऐकू येऊ लागते. ‘आज साठचा स्क्वॉट मारला.’ ‘त्याची डेडलिफ्ट शंभरची आहे, माझी सत्तरच.’ आईला कंबरेची धास्ती. वडिलांना आकडा मोठा की छोटा तेच कळत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर तक्ता काढतं, इतक्या वजनाच्या मुलाने इतकं उचलायलाच हवं, आणि शेजारच्या मुलाचे मार्क विचारावेत तसं सुरू होतं. त्या तक्त्यांबद्दल थोडं बोलू या.

ढोबळ हिशोब असा. काही महिने नीट शिकून, नेमाने व्यायाम केलेल्या तरुणाचा स्क्वॉट साधारण स्वतःच्या वजनाइतका, बेंच प्रेस पाऊणपट, डेडलिफ्ट सव्वापट आणि उभ्याने डोक्यावर रॉड नेणं निम्म्याच्या आसपास. साठ किलोच्या मुलासाठी म्हणजे 60, 45, 75 आणि 30. मुलींच्या बाबतीत स्क्वॉट पाऊणपट, बेंच निम्मं, डेडलिफ्ट वजनाइतकी. तक्त्यातक्त्यांत फरक असतो. जालावरचे काही तर लोकांनी स्वतःच भरलेल्या आकड्यांवर बेतलेले आहेत, आणि आपला आकडा कौतुकाने भरणारे कोण असतात हे सांगायला नको. शिवाय बहुतेक तक्ते प्रौढांचे. सोळा वर्षांच्या, अजून उंची वाढत असलेल्या पोराला ते जसेच्या तसे लावू नका.

त्यातला आकडा असतो जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाचा. नवशिक्याने ते आजमावायची गरजच नाही. पाच वेळा नीट उचललेल्या वजनात त्याचाच सहावा हिस्सा मिळवला की अंदाज येतो: पन्नास किलो पाचदा झाले तर एकदाचे साधारण 58.

पण पन्नास म्हणजे कुठले पन्नास? स्पर्धेतला पुरुषांचा ऑलिंपिक रॉड 20 किलोचा, वेटलिफ्टिंगमध्ये बायकांचा 15 किलोचा. गल्लीतल्या जिममधला रॉड पुष्कळदा त्याहून हलका असतो आणि त्याचं वजन कुणालाच ठाऊक नसतं. कुणी रॉड धरून मोजतो, कुणी नुसत्या प्लेटा. स्मिथ मशीनवर रॉड रुळावरून सरकतो, त्यामुळे तिथला आकडा या हिशोबात धरता येत नाही. आणि सगळ्यांत मोठी मेख खोलीची! मांडीचा वरचा सांधा गुडघ्याच्या खाली गेला तर तो पुरा स्क्वॉट. अर्ध्यातून परत येणाऱ्याचे शंभर आणि खाली बसून उठणाऱ्याचे साठ यांत मला विचाराल तर साठवाला पुढे आहे. म्हणून ‘किती उचललंस’ याऐवजी ‘व्हिडिओ दाखव बघू, बाजूने काढलेला’ असं म्हणा. पाठ वाकते का, टाचा उचलल्या जातात का, हे पाहायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

अंगकाठीचाही भाग आहे. लांब हातांच्या मुलाला डेडलिफ्ट सोपी जाते, बेंच जड. आणि ज्यांची मुलं अंगाने भारी आहेत त्यांनी हे नीट ऐकावं. शरीराचं वजन ज्या प्रमाणात वाढतं त्या प्रमाणात ताकद वाढत नाही, त्यामुळे ‘स्वतःच्या वजनाइतकं’ ही अट नव्वद किलोच्या मुलावर अन्यायच करते. तो सत्तरचा खोल स्क्वॉट घालत असेल तर त्याला तक्ता दाखवून हिणवू नका. आधीच जिममध्ये आरशासमोर उभं राहायला त्याने किती धीर गोळा केला असेल!

सुरुवात रिकाम्या रॉडने, तोही जड असेल तर काठीने. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अडीच किलो वाढवले तर 20 वरून 60 ला पोचायला सोळा पायऱ्या. कागदावर सहा आठवडे झाले. प्रत्यक्षात परीक्षा, सर्दी, गावाकडचं लग्न धरून बरेच महिने. पहिल्या आठवड्यांत दंड न फुगताही वजन भराभर वाढतं, कारण तेव्हा मेंदू आणि स्नायूंची गाठ पडत असते. आरशात काही दिसत नाही म्हणून मुलं खट्टू होतात ती नेमकी तेव्हाच.

आता उंची खुंटण्याची भीती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये या विषयावरची आपली भूमिका नव्याने मांडली: जाणकाराच्या नजरेखाली, तंत्र सांभाळून केलेल्या वजनाच्या व्यायामाने मुलांची वाढ खुंटत नाही. उंची खुंटवू शकतात ती स्टेरॉइड्स. त्यांनी हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची जागा वेळेआधी बंद होऊ शकते. तक्त्यातला पुढचा आकडा लवकर गाठण्यासाठी कुणी गोळी किंवा इंजेक्शन पुढे केलं, तर त्या दिवसापासून ती जिम बंद.

मुलगी राकट दिसेल ही काळजीही काढून टाका. मीराबाई चानूने 2021 मध्ये ताश्कंदला 49 किलो वजनी गटात 119 किलो डोक्यावर नेले. तो वेटलिफ्टिंगचा प्रकार आहे, वरचे आकडे त्याला लागू नाहीत. पण तिचा फोटो एकदा घरात सगळ्यांनी पाहावा.

उद्या संध्याकाळी जिममध्ये एक चक्कर मारा. बेंच प्रेस करताना डोक्याशी कुणी उभं राहतं का, रॅकला रॉड अडवणारे आडवे दांडे आहेत का, पोरं अंगठा रॉडभोवती गुंडाळून धरतात का, एवढं बघा. छातीवर अडकलेला रॉड एकट्याला उचलता येत नाही, आणि या व्यायामात जीव गेल्याच्या घटना बेंचवरच जास्त घडल्या आहेत. ट्रेनर यावर हसला तर फी परत मागा.