ताप उतरला, पण आजी उठेना



जिंतूर तालुक्यातील आंध वस्त्यांवर घरभेटीला गेलो की एक गोष्ट वरचेवर कानी येते : “म्हातारी दवाखान्यात चालत गेली अन् उचलून आणावी लागली.” घरचे म्हणतात, वय झालं. मला ते पुरते पटत नाही.

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये वृद्धांच्या स्वावलंबनाची सोपी मोजणी मांडली. आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, खाटेवरून उठणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, अशी सहा कामे. तिथल्याच २००३ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढचे ३५ टक्के रुग्ण घरी जाताना अशा कामांत आजारापूर्वीपेक्षा परावलंबी झालेले आढळले.

आजार हे एक कारण झाले. पण खाट हेही कारण आहे! धडधाकट वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवले, तर पायांचे मांस सुमारे एक किलोने घटते, असे २००७ मध्ये दिसून आले. आजाऱ्याचे काय होत असेल? त्यातून सलाईन आणि लघवीची नळी माणसाला खाटेला बांधून ठेवतात. आमची माणसे घरी जमिनीवर निजणारी; वॉर्डातली उंच खाट उतरायचीच त्यांना धास्ती. चष्मा, कवळी, काठी घरी राहते. मग दिसत नाही, भाकरी चावत नाही, पोट अर्धे राहते. अनोळखी जागी, रात्रीच्या जागरणाने कोणी बरळू लागते. झोपेच्या गोळीने ते पुष्कळदा वाढतेच.

आणि आपली माया! सून घास भरवते, मुलगा कूस बदलून देतो, भेटीला आलेले आपण “पडून राहा” म्हणतो. हात हलत असेल, तर घास त्यांनाच घेऊ द्या. वेळ लागेल, सांडेल, सांडू द्या.

रुग्णभेटीला जाताना आधी घरी विचारावे : पंधरा दिवसांपूर्वी आजोबा स्वतः काय काय करत होते? तेच सिस्टरांना सांगावे. चालवायची परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी. हाड मोडले असेल किंवा उठताच चक्कर येत असेल, तर घाई नको. परवानगी मिळाली, की आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावे, मग उभे करावे, मग संडासपर्यंत चालवावे. नळी अजून लागते का, हेही रोज विचारावे. फळांच्या पिशवीबरोबर घरची काठी आणि चष्मा तेवढा न्यावा.