पॅरिसच्या तेराव्यात पहिली खरेदी

पॅरिसमध्ये नवं बिऱ्हाड मांडलंत की पहिल्याच महिन्यात तेराव्या आराँदिस्माँमधल्या चिनी वस्तीत जाऊन या, असं आम्ही जुनी मराठी घरं सगळ्यांनाच सांगतो. डाळी, मसाले, पोहे ला शापेल भागातल्या भारतीय दुकानांत मिळतील. ताज्या भाजीसाठी मात्र आमच्यातले बरेच जण इथेच येतात. मेट्रो ७ ने निघालात तर गाडी ‘मेरी दिव्री’ची आहे ना, ते बघूनच चढा, कारण मेझाँ ब्लाँशला मार्ग फुटतो. १४ नंबरने ओलंपियादला उतरणं त्याहून सोपं.

इथल्या सगळ्यांना सरसकट चिनी समजू नका. १९७५ नंतर व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून परागंदा झालेली माणसं इथे आली. त्यांतली बरीच मूळची दक्षिण चीनमधल्या तेओचिउ समाजाची. ओलंपियाद वसाहतीच्या तेव्हा नव्या असलेल्या टॉवरांत राहायला फ्रेंच कुटुंबं फारशी उत्सुक नव्हती, तेव्हा तिथल्या रिकाम्या घरांत यांनी संसार उभे केले. आव्हन्यू दिव्रीवरचं ‘तांग फ्रेर’ हे मोठं दुकानही लाओसहून आलेल्या भावांचंच. आपण नोकरीची पत्रं हातात घेऊन आलो. ही माणसं कशी आली ते लक्षात ठेवून वागावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. दुकानात शिरताना ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका.

कोथिंबीर, कारली, भेंडी, मिरच्या, फ्रोझन खोवलेला नारळ, नैवेद्याला केळीची पानं हे सगळं बघून ठेवा. तांदळाच्या पिठाकडे नीट लक्ष द्या. तीन सोंडांच्या हत्तीचं चित्र असलेलं थाई पीठ लाल अक्षरांचं असेल तर उकडीला चालतं. हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं, त्याचे मोदक हाताला आणि टाळूला चिकटतात. टॅपिओकाचे पांढरे मोती साबुदाण्यासारखेच दिसतात, पण त्यांच्या खिचडीचा बहुधा गोळा होतो. उपासाचा साबुदाणा ला शापेलहूनच आणा.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. माशाचा आणि ऑयस्टरचा सॉस वेगळा विचारा. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खानावळीत बहुधा कांदा-लसूणही नसतो, म्हणून चातुर्मास पाळणारे आईवडील आले की त्यांना आम्ही तिथे नेतो.

रू द्यु दिस्क ही गल्ली टॉवरांच्या खालून पार्किंगकडे जाते. अंधारी वाटली तरी आत चला, तिथे एक बौद्ध मंदिर आहे. फोटो विचारूनच काढा.

चांद्र नववर्षाची मिरवणूक जानेवारी-फेब्रुवारीत निघते. मुलांना जरूर न्या, पण त्या दिवशी गर्दीमुळे भाजीची पिशवी आणि बाबागाडी घरीच ठेवा.