पाण्यातल्या रेणूचं वजन कसं करतात?

प्रश्न : मी रांजणगाव एमआयडीसीत पेंट शॉपमध्ये काम करतो. मुलीच्या पुस्तकात वाचलं, की मास स्पेक्ट्रोमीटर निर्वातात चालतो. मग रक्तातल्या प्रथिनाचं वजन त्यावर कसं करतात? पाणी आटवायला तापवलं तर प्रथिन करपणार नाही का?
– एक वाचक, रांजणगाव गणपती

उत्तर : करपतंच. म्हणून हे यंत्र बरीच वर्षं सहज वाफ होणाऱ्या लहान रेणूंपुरतंच राहिलं. वाट सापडली ती तुमच्याच खात्यात! अमेरिकी शास्त्रज्ञ माल्कम डोल एका रंग कंपनीचे सल्लागार होते. मोटारींवर विद्युतभारित रंगाचा फवारा मारताना पाहून त्यांना वाटलं, द्रावणाचाही असाच फवारा मारून बघावा. १९६८ साली त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ही पद्धत प्रथिनांपर्यंत नेली ती येल विद्यापीठातल्या जॉन फेन यांनी. त्यासाठी २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.

द्रावण बारीक सुईतून सोडतात आणि सुईला काही हजार व्होल्ट देतात. भारित थेंबातलं पाणी उडत जातं, थेंब आकसतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि थेंब फुटतो. शेवटी अंगावर बरेच भार घेतलेला उघडा रेणू उरतो. हे निर्वाताच्या दाराबाहेर, साध्या हवेत सुरू होतं.

यंत्र मोजतं ते वस्तुमान भागिले भार. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाची अल्फा साखळी १५,१२६ डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). तिच्यावर भार म्हणून १५ प्रोटॉन बसले तर यंत्राच्या आलेखावर रेघ १००९ला दिसते, १६ बसले तर ९४६ला. शेजारच्या दोन रेघांवरून खरं वजन काढता येतं.

द्रावण कसलं, याला फार महत्त्व आहे. आम्लात हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या सुट्या होतात. अमोनियम अॅसिटेटमध्ये त्या एकत्र राहतात आणि सुमारे ६४,५०० डाल्टन वजन मिळतं. साधं मीठ मात्र आधी काढावंच लागतं, ते रेणूला चिकटून रेघा फिसकटवतं.

वजनावरून रेणूतला बदलही कळतो. साखळीला ग्लुकोज चिकटलं, की वजन १६२ डाल्टनने वाढतं. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनची दुसरी, बीटा साखळी ३०ने हलकी होते. मधुमेहात साखर चिकटलेल्या प्रथिनांचा असा अभ्यास पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. महेश कुलकर्णी यांच्या गटाने केला आहे.

तुमच्या जवळच्या लॅबमध्ये एचबीएवनसी, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची चाचणी, सहसा या यंत्रावर करत नाहीत. पण त्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतीत मास स्पेक्ट्रोमेट्री आहे, आणि लॅबमधल्या यंत्रांचे आकडे त्या पद्धतीशी जुळवून घेतलेले असतात.