दुखरी पोटरी अंगावर काढू नकोस

अगं बयो, सलाईनची सुई होती तिथं सुतळीसारखी टणक शीर हाताला लागते, दाबली की दुखते, म्हणालीस ना? याला डॉक्टर फ्लेबायटिस म्हणतात. सुईनं शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि ते सुजतं. कोमट फडक्यानं शेक, हात उशीवर उंच ठेव. सूज-दुखणं ओसरतं, टणकपणा जरा रेंगाळतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा तळहाताची मागची बाजू लावून गरम लागतंय का बघ. ताप आला किंवा पू दिसला तर मात्र सरळ दवाखाना.

हाताचं मला एवढं वाटत नाही. धास्ती आहे ती पायाची. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणातच रक्त लवकर गोठायला लागतं. त्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे त्या गुठळीचा धोका सर्वांत जास्त, आणि तुझं तर सिझर. त्यात आईचं सव्वा महिना खाटेवरून हलायचं नाही! तिला राग येईल, पण मला हे मुळीच पटत नाही. टाके सांभाळून घरातल्या घरात चालत राहा, पाणी भरपूर पी.

आतल्या खोल शिरेत गुठळी झाली तर सहसा एकच पाय सुजतो, बाळंतिणीचा बहुतेकदा डावा. पोटरी ठणकते, जड वाटते. शिंप्याची टेप घे आणि दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोज. ३ सेंटिमीटरचा फरक निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. फरक नाही पण दुखतंय, तरीही जा. दोन्ही पाय सुजले असतील तर बीपी तपासून घे.

मालिशवाल्या मावशींना बजावून ठेव, दुखऱ्या पोटरीला हात लावायचा नाही. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. डॉप्लर तपासणीला घाबरू नकोस, ती सोनोग्राफीच असते. गुठळी निघालीच तर हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि ती चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं. सासूबाईंनाही हे आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या इंजेक्शनं बंद करायला लावतील.

आणि एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर मला फोन करत बसू नकोस. आधी १०८ लाव.