घड्याळाचा पट्टा आणि मनगटाची खाज

घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याखाली खाज सुटली, तर मलम लावण्याआधी पट्टा उलटा करून पाहा. कड्यांच्या फटीत घाम आणि मळाचा थर साचलेला दिसेल. पट्टा सोडवून घ्या. नाही जमले तर घड्याळाची डबी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, एवढे पुरे. धुऊन, पुसून, फटी पूर्ण सुकल्यावरच घाला. संडासाचे ॲसिड किंवा ब्लीच मात्र नको. त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि दोन्ही एकत्र आली तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. एका खोलीच्या घरात तो जिवावर बेतू शकतो. पट्टा स्वच्छ करूनही खाज थांबली नाही, तर स्टीलमधल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. घड्याळ काढून ठेवा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.