दूरचा संगणक आणि एकेक पोस्टकार्ड

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज संगणकक्षेत्रात आहेत. त्यांच्या पालकांनाही कळावा असा एक विषय येथे घेतला आहे. ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ या रीतीत दूरच्या संगणकावरील काम आपल्याच यंत्रातले असल्यासारखे एका ओळीत सांगता येते. निरोप बांधणे, पाठविणे, उलगडणे हे सारे पडद्याआड घडते. अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली या रीतीची सविस्तर रचना प्रसिद्ध केली. लिहिणाऱ्याची सोय झाली, हे खरेच.

अडचण कोठे येते, हे परळ-लालबागच्या जुन्या पिढीला चटकन उमगेल. गिरणीतला माणूस कोकणात पत्र धाडी, तेव्हा आईची प्रकृती, पेरणी, मुलांची शाळा हे सर्व एकाच कार्डात विचारी. एका प्रश्नाचे उत्तर आल्यावरच दुसरे कार्ड टाकले असते, तर खुशाली कळेपर्यंत पावसाळा सरला असता. दूरची आज्ञा जवळच्या आज्ञेसारखीच दिसते, म्हणून प्रोग्रामरच्या हातून अशी एकेक कार्डे सहज सुटतात.

मुंबईहून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १३,००० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका फेरीला किमान १३० मिलिसेकंद. चाळीस नोंदी एकामागून एक मागविल्या, तर ५.२ सेकंद निव्वळ प्रवासात जातात; एकत्र मागविल्या, तर एकच फेरी. जास्त क्षमतेची तार घालूनही ही फेरी आखूड होत नाही. १९९१च्या जानेवारीत एर्नेटची दिल्ली-मुंबई तार सेकंदाला अवघे ९,६०० बिट वाही. 

गठ्ठा बांधायचा तर आधी विचार करावा लागतो, आज्ञावली किचकट होते. तरीही शिष्यवृत्तीच्या अर्जात रकान्यागणिक फेरी घालणारी आज्ञावली मला अन्यायाची वाटते. सर्व्हर शेजारी असता ती दादरच्या कार्यालयात सुरेख चालते. पाड्यावरच्या मुलीला मात्र शेवटच्या तारखेच्या रात्री ताटकळत ठेवते. लिहिणाऱ्याचे वाचलेले श्रम तिच्या माथी येतात. प्रथम सोपे लिहावे, पण दुबळ्या जाळ्यावर मोजून पाहावे आणि जेथे फेऱ्या वाढतात तेथेच गठ्ठा बांधावा.

दुसरी गोष्ट मनीऑर्डरीची. सहीची पोच परत आली नाही, तर पैसे पोचले नाहीत की पोचच हरवली? पुन्हा पाठविले, तर दोनदा जातील. संगणकात यासाठी प्रत्येक मागणीला क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता जुने उत्तर धाडतात. त्या उत्तरांची वही किती दिवस जपायची, हे मात्र कोणतीही सोपी ओळ ठरवून देत नाही.