पोलादास पाणी देणे : एक वस्तुपाठ

पदार्थांच्या गुणधर्मांचा पाठ घेताना ‘लोखंड कठीण असते’ हे वाक्य मुलांकडून म्हणवून घेण्याचा आपणा सर्वांस सराव झालेला आहे. वाक्य खोटे नाही. परंतु एखाद्या चौकस मुलाने प्रश्न केला की ते फार वेळ टिकत नाही. कुंपणाची तार हाताने वाकते. बिडाचा तवा फरशीवर पडताच दुभंगतो. विळ्याचे पाते धार धरते आणि ट्रकच्या कमानीचा पाटा भाराखाली वाकून पुन्हा पूर्ववत् होतो. चारही वस्तू लोखंडाच्याच. मग यांतील ‘लोखंडाचा गुण’ कोणता म्हणावयाचा?

येथे प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. ओरखडा न पडणे हे काठिण्य होय. आघात सोसून न फुटणे हा चिवटपणा होय. काच कठीण आहे, पण चिवट नाही. व्यवहारात आपण दोहोंसही ‘मजबूत’ म्हणून मोकळे होतो, आणि पुढील सारी गफलत तेथूनच सुरू होते.

वरील चार वस्तूंतील फरकाचे एक कारण म्हणजे लोखंडात मिसळलेला कार्बन. साध्या तारेत तो शेकडा पाव भागाहूनही कमी असतो, कापण्याच्या हत्यारांच्या पोलादात सामान्यतः शेकडा ०.६ ते १.४ आणि बिडात बहुधा ३ ते ४. प्रमाण एवढे अल्प, पण परिणाम केवढा! तथापि प्रमाण हे अर्धेच उत्तर आहे. एकाच पोलादाचे दोन तुकडे, कार्बन तंतोतंत सारखा, तरी एक वाकतो व दुसरा काडकन मोडतो, असे वर्गात दाखविता येते.

त्यासाठी शिवणाच्या तीन जाड पोलादी सुया, एक चिमटा, स्पिरिटचा दिवा व वाटीभर पाणी एवढेच साहित्य लागते. पहिली सुई लालभडक तापवावी आणि ज्योतीतून अगदी सावकाश वर उचलीत थंड होऊ द्यावी. ती आता तारेसारखी वाकते. दुसरी तशीच तापवून तत्काळ पाण्यात बुडवावी. वाटी ज्योतीच्या अगदी शेजारी असावी. बारीक सुई क्षणात निवते व प्रयोग फसतो. ही सुई वाकविताच तुटते. तिसरीही अशीच पाण्यात विझवावी, बारीक पॉलिशकागदाने घासून चकचकीत करावी आणि ज्योतीच्या बरीच वर धरून हलकेच शेकावी. तिच्यावर प्रथम गवती पिवळा, मग तांबूस तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग चढतो. निळा दिसताच ज्योतीपासून दूर करावी. ती वाकते व सोडताच सरळ होते. पिवळा रंग सुमारे २३० अंश सेल्सिअसला व निळा ३०० अंशांच्या सुमारास येतो. तापमापक जवळ नसताही लोहार नेमके तापमान ओळखतो ते या रंगांवरूनच.

वर्गात लोहाराचे मूल असेल तर हा पाठ त्याच्याकडूनच सुरू करावा. फाळ शेवटतो कसा, कुऱ्हाडीच्या धारेलाच पाणी का देतात आणि माथा मऊ का ठेवतात, हे ते मूल आपल्यापेक्षा अधिक नेमके सांगेल. यात शिक्षकास कमीपणा नाही.

आता कारण पाहू. लोखंडाचे अणू वाटेल तसे पडलेले नसून कवायतीच्या रांगांप्रमाणे शिस्तीने रचलेले असतात. थंड लोखंडात घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक व मधोमध एक अशी रचना असते. शुद्ध लोखंड ९१२ अंशांवर तापले की ही रचना बदलते : मधला अणू राहत नाही, त्याऐवजी घनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यभागी एकेक येतो. या दुसऱ्या रचनेतील पोकळ्या अधिक ऐसपैस असल्यामुळे कार्बनचे लहान अणू तेथे सामावतात. पोलादात कार्बनमुळे हा बदल याहून कमी तापमानास होतो. पोलाद सावकाश निवले तर जुनी रचना परत येताना कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. मऊ लोखंड व कार्बनयुक्त कठीण संयुग यांचे पातळ थर आलटून पालटून बसतात आणि पोलाद वाकते. पाण्यात एकाएकी विझविले तर कार्बन आत कोंडला जातो. रांगा ताणल्या जातात, एकीवरून दुसरी घसरू शकत नाही. म्हणून काठिण्य येते व ठिसूळपणाही. मंद शेक दिला की थोडा कार्बन सुटतो, ताण उतरतो आणि काठिण्य किंचित घटून चिवटपणा लाभतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६३ च्या सुमारास पोलादाचा पृष्ठभाग घासून, आम्लाने किंचित खाववून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा धातूच्या या अंतर्रचनेचा अभ्यास सुरू झाला. अणूंच्या रांगांचा पुरावा मात्र विसाव्या शतकात क्ष-किरणांनी दिला.

शेक देण्याचा हा शेवटचा भाग किरकोळ वाटतो. मलाही तो तसाच वाटला होता. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका शाळेच्या उद्योगवर्गात बोथट छिन्नीस मी स्वतः पाणी दिले आणि घाईत शेक न देताच ती एका मुलाच्या हाती दिली. दुसऱ्या की तिसऱ्या घावास टोकाचा कपचा उडाला व त्याच्या पापणीत रुतला. डोळा वाचला तो केवळ नशिबाने. त्या छिन्नीचे काठिण्य मी कानशीने तपासले होते, आणि कानस घसरते एवढ्यावर समाधान मानले होते. चिवटपणा तपासावयाचे मला सुचलेच नाही. याच कारणास्तव दोन हातोड्यांची तोंडे एकमेकांवर आपटण्याचा खेळ मुलांस कदापि खेळू देऊ नये. दोन्ही पाणी दिलेली असतात.

सुईचा प्रयोगही शिक्षकाने स्वतः करावा, मुले हातभर मागे उभी करावीत, आणि दुसरी सुई मोडताना ती जाड फडक्यात गुंडाळून मगच वाकवावी. शक्य असल्यास चष्मा लावावा. तास संपल्यावर तुकडे मोजून डबीत भरावेत. बरीच मुले वर्गात अनवाणी बसतात, आणि सतरंजीत अडकलेले सुईचे टोक शोधून सापडत नाही.